नरोटी

"फेणे असं करणार नाही."

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझा रूममेट हे म्हणाला. तो मॅगी खात होता आणि माझ्या फोनवर माझीच गोष्ट वाचत होता. गोष्टीचं नाव आता सांगवत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अठ्ठावीस वर्षांचा झालाय, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करतोय आणि कंपनीतल्या एका डेटाचोरीच्या मागे लागलाय, अशी ती भानगड होती. चार भाग लिहिले होते, ते अकरा जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचो. तिसऱ्या भागात फेणेला चोर कोण ते कळतं. मग तो रात्रभर बसून पुरावे जमवतो, मुद्देसूद ईमेल लिहितो आणि सकाळी मॅनेजरला पाठवतो. मला हा प्रसंग फार आवडला होता. संयमी, समजूतदार, मोठा झालेला फेणे.

"का नाही करणार?"

"अरे, तो ईमेल लिहायला थांबेल का? तो आधी उडी मारणार आणि मग बघणार खाली काय आहे. हा फेणे नाहीये, हा तू आहेस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी स्वतःच्या म्हणाव्यात अशा सहा-सात गोष्टी लिहिल्या, दोन छापूनही आल्या. पण त्या एका वाक्याच्या तोडीची समीक्षा मला पुन्हा मिळालेली नाही.

दुसऱ्याची पात्रं, दुसऱ्याचं जग घेऊन आपली गोष्ट लिहायची, याला आपली पिढी फॅनफिक्शन म्हणते. त्याबद्दलचा सर्वमान्य समज असा की हा सराव आहे, सायकलला लावलेली मागची दोन छोटी चाकं. खरी सायकल म्हणजे स्वतंत्र कथा. "लिहितोस छान, आता स्वतःचं काहीतरी लिही," हा सल्ला मला निदान पाच जणांनी दिलाय, सगळ्यांनी प्रेमानं. त्यामागचा हिशोब साधा आहे. पात्रं तयार, जग तयार, वाचकाचं प्रेमही तयार, मग उरतं काय? भाजणी घरात आहे, थालीपीठ थापायला कितीसं लागतं, असं विचारण्यासारखं आहे हे. ज्यानं कधी थापलंय त्याला माहीत आहे.

मराठीत या समजाला फार जुना आधार आहे, आणि गंमत म्हणजे तो एकनाथांचा आहे. १५८४ साली, म्हणजे शके १५०६मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत तिच्यात पाठभेद शिरले होते, ते निवडून काढले. आणि शेवटी एक सणसणीत इशारा देऊन ठेवला, की यापुढे जो कोणी या ग्रंथात आपली ओवी घालेल, तो अमृतानं भरलेल्या ताटात नरोटी ठेवतोय असं समजावं. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. आमच्या भाषेत सांगायचं तर मेन ब्रँच लॉक केली आणि पुढच्या सगळ्या पुल रिक्वेस्ट आधीच नाकारल्या.

पण याच एकनाथांनी भावार्थ रामायण लिहायला घेतलं, आणि ते पुरं होण्याआधीच ते गेले. परंपरा सांगते की युद्धकांडातून पुढचं रामायण त्यांचा शिष्य गावबा यानं पूर्ण केलं. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या ओढीनं नाथांच्या घरी येऊन राहिलेला, अभ्यासात यथातथा असलेला मुलगा. मला या माणसाबद्दल फार कुतूहल आहे. समोर गुरूच्या हजारो ओव्या. पुढची ओवी आपली, पण ती आपली वाटता कामा नये. गोष्ट सगळ्या जगाला माहीत, रावण मरणारच. मग गावबाला नेमकं काय करायचं होतं? सांधा दिसू द्यायचा नव्हता. हे काम "स्वतःचं" नाही म्हणून सोपं, असं म्हणणाऱ्यानं एकदा दुसऱ्याच्या लेखातला एक परिच्छेद त्याच्याच आवाजात पूर्ण करून बघावा. चार वाक्यांतच दम लागतो.

माझाही फेणे खरा तिथेच पडला. रूममेटला पात्राची चूक दिसली. मी पुन्हा पुस्तकं काढून बसलो तेव्हा त्याहून मोठी चूक दिसली. फुरसुंगीचा बनेश फेणे, विद्याभवनची शाळा, सायकल, 'ट्टॉक' हे सगळं मी उचललं होतं. भागवत उचलले नव्हते. ती गोष्ट सांगणारा जो खट्याळ, पोरांच्या बाजूचा, मध्येच डोळा मारणारा आवाज आहे, तो काढून घेतला की उरतो एक काटकुळा धाडसी मुलगा, आणि तसे मुलं-नायक पुष्कळ आहेत. २०१७च्या 'फास्टर फेणे' सिनेमात हे करणाऱ्यांच्या लक्षात आलं असावं, असा माझा अंदाज आहे. त्यांनी फेणेला तरुण केलं, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आणलं, आणि शिवाय खुद्द भा. रा. भागवतांनाच पात्र म्हणून गोष्टीत घेतलं. दिलीप प्रभावळकर पडद्यावर आले की मला फेणे जवळ आल्यासारखा वाटायचा, ते गेले की एक चांगला थरारपट उरायचा. अमेय वाघचा यात दोष नाही. त्याला आवाजाशिवाय पात्र दिलं होतं.

आता नरोटी या शब्दाकडे परत येतो, कारण चारेकशे वर्षांनी तो एका बाईंनी स्वतःच्याच लिखाणासाठी वापरला. इरावती कर्वे यांचं 'युगान्त' १९६७चं. महाभारताच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीवर त्यांनी ते उभं केलं, जे पुराव्यात नाही ते घ्यायचं नाही या शिस्तीनं. म्हणजे फॅनफिक्शनच्या नेमकं उलट काम. तरी द्रौपदीवरच्या लेखाच्या शेवटी त्या थबकतात आणि स्पष्ट सांगतात की इथवर ग्रंथाला धरून लिहिलं, यापुढची माझी नरोटी.

पुढे काय आहे? महाप्रस्थानात द्रौपदी सगळ्यांत आधी कोसळते. मूळ ग्रंथात भीम विचारतो, ही का पडली? युधिष्ठिर सांगतो, तिचं अर्जुनावर जास्त प्रेम होतं म्हणून. आणि सगळे पुढे चालू लागतात. कर्वे तिथे, त्या वाटेवर, द्रौपदीजवळ थांबतात. मरता मरता तिला उमगतं की आपल्यावर खरं प्रेम कुणी केलं. भीम मागे येतो, आणि शेवटच्या श्वासात ती त्याला सांगते की पुढच्या जन्मी थोरला हो.

मी हे पहिल्यांदा लोकलमध्ये उभ्यानं, फोनवर वाचलं आणि माझं स्टेशन गेलं.

नंतर अनेकदा विचार केला की हे इतकं का लागतं. कर्व्यांनी नवं जवळजवळ काहीच आणलेलं नाही. सौगंधिक फुलं आणायला धावला तो भीम. कीचकाला मारलं भीमानं. सभेतल्या अपमानाचा सूड म्हणून दुःशासनाचं रक्त प्यायला तोही भीमच. इतकंच काय, ती पडल्यावर "का?" विचारणाराही मूळ ग्रंथात भीमच आहे. सगळा डेटा आधीच होता, हजारो श्लोकांत विखुरलेला. कर्व्यांनी त्यावर एक क्वेरी चालवली. आणि हात किती बांधलेले! द्रौपदीला वाचवता येत नाही. पांडवांना परत फिरवता येत नाही. मोकळी जागा किती, तर एका बाईचे शेवटचे चार-पाच श्वास. तेवढ्या जागेत असं काही करायचं की वाचकानं म्हणावं, हो, ती हेच म्हणाली असणार. "फेणे असं करणार नाही" या वाक्याची ही दुसरी बाजू.

त्याच १९६७मध्ये शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आलं. अकरावीत या पुस्तकानं मला रडवलंय, त्यामुळे पुढचं जपून लिहितोय. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडून कर्णाची गोष्ट सांगतात, आणि सहाही जण एकाच भारदस्त भाषेत बोलतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे सावंतांचं कर्णावर फार प्रेम आहे. द्यूतसभेत द्रौपदीला नको ते बोलणारा कर्ण त्यांना नाकारता येत नाही, पण त्याच्याजवळ ते उभेही राहू शकत नाहीत. सबबींची एक शाल त्याच्या अंगावर टाकतात. फॅनचा हा ठरलेला आजार आहे. मी नाही का, फेणेला माझ्यासारखा शहाणा करून ठेवला? खांडेकरांनी 'ययाति'मध्ये (१९५९) कितीतरी जास्त मोडतोड केली. महाभारतात देवलोकी निघून गेलेला कच त्यांनी परत आणला आणि आपल्या कामाला लावला. पण त्यांना ययाति लाडका नव्हता. त्याची त्यांना काळजी वाटत होती, आणि त्यानं फरक पडतो. पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळालं. त्यांना "आता स्वतःचं काहीतरी लिहा" असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

म्हणजे हरकत दुसऱ्याचं घेण्याला नाहीच. हरकत आहे ती ज्यांचं घेतलं ते फारसे जुने नसण्याला. 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' मुळात 'ट्वायलाइट'ची फॅनफिक्शन होती. एडवर्ड-बेलाचे ख्रिश्चन-अ‍ॅना झाले आणि ती स्वतंत्र कादंबरी म्हणून कोट्यवधींनी खपली. फाइंड आणि रिप्लेसनं जर फॅनफिक्शनची स्वतंत्र कादंबरी होत असेल, तर या दोहोंमधली भिंत कसली आहे? दुसरीकडे ज्या साइटवर लोक नावं न बदलता फुकट लिहितात, त्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'ला २०१९मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथलं बहुतेक लिखाण टुकार आहे. छापील कादंबऱ्यांचंही तेच म्हणता येईल.

तर अवघड काय? मला विचाराल तर स्वतंत्र गोष्ट. पण लोक म्हणतात त्या कारणानं नाही. कल्पनाशक्ती वगैरे फारशी लागत नाही. नाव, गाव, नोकरी, एक दुःख, अर्ध्या तासात पात्र उभं राहतं. अवघड हे आहे की ते चुकलं तर कळायला मार्ग नसतो. ऑफिसात मी जुन्या कोडवर काम करतो. एक ओळ बदलली की चारशे टेस्ट धावतात आणि सतरा लाल होतात. राग येतो, पण चूक कुठे झाली ते कळतं. नवा प्रोजेक्ट सुरू केला की सगळं हिरवं असतं, कारण टेस्ट अजून लिहिलेल्याच नसतात. फेणेच्या बाबतीत माझा रूममेट टेस्ट होता, अकरा जणांचा ग्रुप टेस्ट होता, भागवतांची वीस पुस्तकं टेस्ट होती. माझ्या पहिल्या स्वतंत्र कथेतला नायक काहीही करू शकत होता. वाचून सगळे म्हणाले, छान आहे. तो असं करणार नाही, असं कोण म्हणणार? त्याला कुणीच ओळखत नव्हतं. मीही.

हा सिद्धांत मी दोनेक वर्षं बाळगून होतो. मग गेल्या वर्षी एक कथा लिहिली. साठीचा प्रभाकर, शेताच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी चौदा वर्षं अबोला. भाऊ जातो. प्रभाकर दहाव्याला गावी जातो, भावाच्या फोटोसमोर उभा राहतो आणि हमसून रडतो, "दादा, चुकलं माझं" म्हणतो. ड्राफ्ट आईला पाठवला. ती रात्री स्वयंपाकघर आवरून आली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "छान लिहिलंयस. पण हे असे नाही रे बोलायचे."

मी नाव बदललं होतं. गाव बदललं होतं. फाइंड आणि रिप्लेस.

तिला विचारलं, मग काय केलं होतं बाबांनी? ती म्हणाली, आत गेलेच नाहीत. बायका रडत होत्या, हे सरळ विहिरीवर गेले. मोटर पाणी ओढत नव्हती, तर फूटव्हॉल्व काढून साफ करत तासभर बसले. पुतण्याला म्हणाले, जाळी बदलून घे. मग जेवले आणि सहाच्या एसटीनं परत आले.

चौदा वर्षांचा अबोला आणि फूटव्हॉल्व. हे मला सुचलं नसतं. माझ्या प्रभाकरपेक्षा हे इतकं बरं होतं की मी रडण्याचा प्रसंग त्याच रात्री काढून टाकला. माझ्या सिद्धांताचं काय झालं ते सांगायला नकोच. ज्याला मी स्वतःची गोष्ट म्हणत होतो, तिलाही मूळ ग्रंथ होता. तो छापलेला नव्हता इतकंच, आणि त्याची एकमेव जाणकार वाचक आमच्या स्वयंपाकघरात होती.

नवा ड्राफ्ट अडकलाय. विहिरीवरच्या त्या तासात प्रभाकरच्या डोक्यात काय चाललंय ते लिहायचंय. नाही लिहिलं तर वाचक विचारतील, मोटर दुरुस्त झाली, पुढे? लिहिलं तर ती माझी नरोटी. कर्व्यांना भीमाचे पुरावे ग्रंथात सापडले होते. फेणे अडला की मी पुस्तक काढून बघायचो. हे पुस्तक शेजारच्या खोलीत टीव्हीवर बातम्या बघतंय, आवाज बराच मोठा करून. परवा मी दारापर्यंत गेलो होतो. बाबांनी वर न बघता विचारलं, "काय रे, पंखा कमी करू का?" मी नको म्हटलं आणि परत आलो.