शिकारीची सायकल

माझ्या हातून आजवर घडलेल्या शिकारींची यादी फार मोठी नाही. झुरळं बरीच, उंदीर दोन (त्यातला एक पिंजऱ्यात आपणहून आला होता) आणि पंतनगरच्या जुन्या घरात असताना एक पाल. तीही मी मारली असं म्हणवत नाही. मी घाबरून टाकलेल्या चपलेखाली ती आपल्या कर्मानं आली. एवढ्या भांडवलावर शिकारीच्या वाङ्मयाबद्दल मत देण्याचा अधिकार पोचतो का, असं कुणी विचारील. पण बँकेत बावीस वर्षं मी कारखानदारांच्या कागदांवर शेरे मारतोय, आणि मी स्वतः साधी पिठाची गिरणीही काढलेली नाही. तेव्हा चालू द्यावं.

निमित्त झालं ते भाच्याचं. भाचा अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरला असतो. घाटकोपर स्टेशनपर्यंत जायला रिक्षाच्या रांगेत उभं राहून मी कंटाळलोय, एखादी विजेवरची सायकल घ्यावी म्हणतो, असं मी त्याला फोनवर सहज बोललो होतो. त्यानं लगेच मोबाइलवर एक सचित्र माहितीपत्रक पाठवलं. खाली लिहिलं होतं, "मामा, ही बघा." बघितली. ती सायकल हरणाच्या शिकारीला जाण्यासाठी बनवलेली होती!

रविवार होता, मी ते पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. टायर चार इंच रुंद. आमच्याकडे काही फुटपाथ फेरीवाले आणि कुंड्या वजा जाता तेवढेच उरतात. रंग पानापाचोळ्याचा, म्हणजे झाडीत उभी केली तर मालकालाही सापडू नये. मोटर हजार वॉटची. मागे जोडायला एक छोटी गाडी. किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. मी सवयीनं रुपये केले आणि सवयीनंच मोबाइल उपडा ठेवला. मग पुन्हा सुलटा केला, कारण मजकूर रंगला होता. वाङ्मयप्रकार म्हणून पाहिलं तर ती शिकारकथाच होती. पहाट आहे, धुकं आहे, दाढीवाला नायक आहे, त्याच्या पाठीला धनुष्य आहे. उणीव एकच. संबंध कथेत जिवंत हरीण कुठंच नाही. ते थेट शेवटच्या चित्रात येतं, आणि येतं ते मागच्या गाडीत आडवं होऊन.

सायकलीचे गुण तीन सांगितले होते. एक, आवाज नाही. दोन, पेट्रोलचा वास नाही, कारण हरणाचं नाक आपल्या नाकापेक्षा फार तिखट. आणि तीन, मारलेलं जनावर वाहून आणता येतं. या तिसऱ्या गुणापाशी मी थबकलो. लहानपणी वाचनालयातून शिकारकथा आणून वाचायचो तेव्हापासूनची माझी एक शंका आहे. मचाणावर साहेब बसतो, हाका होतो, बार होतो, वाघ पडतो आणि पुढच्या परिच्छेदात साहेब डाकबंगल्याच्या व्हरांड्यात चहा पीत असतो. अहो, पण मधल्या मधे तो वाघ आणला कुणी? दीड-दोनशे किलोचा ऐवज आहे. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, एकतर्फी नोंद मला बघवत नाही. जमेच्या बाजूला वाघ स्वच्छ दिसतो, खर्चाच्या बाजूला खांदे दिसत नाहीत.

अपवाद आहेत. जिम कॉर्बेट १९०७ साली चंपावतच्या वाघिणीमागे डोंगर पायी तुडवत हिंडला. त्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसं होती. त्याच्या १९४४ सालच्या पुस्तकात ती वाघीण पडल्यावर गोष्ट संपत नाही. गावकरी तिला खांद्यावर घेतात, गावोगाव दाखवतात. तिथं ओझ्याला निदान माणसं आहेत. बाकी बऱ्याच कथांतले हाकेकरी बार झाला की धुरासारखे विरून जातात.

आणि आवाज न करता सावजाजवळ जाण्याचं कौतुक तर आम्हांला सांगूच नये. कोल्हापूर संस्थानात चित्त्याकडून काळविटाची शिकार करवीत, ती कशी? चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि त्याला बैलगाडीत बसवायचं. काळविटांना बैलगाडी रोजच्या पाहण्यातली. शेतकरी चाललाय असं समजून ती चरत राहत. गाडी पुरेशी जवळ गेली की पट्टी काढायची. पुढचं काम चित्ता काही क्षणांत उरकी आणि काळवीट त्याच गाडीतून परत येई. म्हणजे जायला वाहन, यायला वाहन, धूर नाही. अमेरिकन कंपनीनं यात भर घातली ती फक्त बॅटरीची. पुढं चित्ता आपल्याकडून संपला. १९५२ साली तसं सरकारनं जाहीर केलं आणि २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते विमानानं आणून कुनोच्या रानात सोडले. ज्याचे भाऊबंद बैलगाडीतून हिंडले तो विमानातून आला. प्रगती म्हणतात ती हीच.

पण पत्रकाला त्याचं श्रेय द्यायला हवं. शिकारीच्या वाङ्मयात ओझ्याचा एवढा मोकळा विचार मी दुसरीकडे वाचलेला नाही. गाडीत किती किलो मावतात, चढावर बॅटरी किती खाते, सगळं दिलेलं.

भाच्याला मी तसं कळवलं आणि वर विचारलं, "पण शिकाऱ्याला चालायला काय झालं?" त्याचा रात्री फोन आला. "मामा, तुम्ही चेष्टा करताय. इथं एल्क नावाचं हरीण असतं, नर तीनशे किलोच्या घरात भरतो. माणूस रस्त्यापासून सात-आठ मैल आत गेलेला असतो. मांस पाठीवरून आणायचं तर चार खेपा होतात, तोवर उन्हानं खराब होतं. आणि मांस वाया घालवणं इथं गुन्हा आहे. माझ्या ऑफिसातल्या एका गृहस्थांचे दोन्ही गुडघे बदललेत. त्यांनी काय घरी बसायचं?"

गुडघ्यांचा मुद्दा निघाल्यावर मी गप्प झालो. माझा उजवा हल्ली जिना चढताना स्वतंत्र मत देतो.

तरी हा वाद माझ्या एकट्याच्या डोक्यातला नाही. थिओडोर रूझवेल्टनं १८८७ साली शिकाऱ्यांचा एक क्लब काढला. जनावराला निसटायची वाजवी संधी मिळाली पाहिजे, हे त्या मंडळींचं सूत्र. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत विजेची सायकल आजही मोटरगाडीच्या रांगेत बसते. जिथं मोटरींना बंदी तिथं तिलाही बंदी. १९६४ च्या कायद्यानं राखून ठेवलेल्या रानांत तर साधी पायडलची सायकलही चालत नाही. घोडा चालतो. घोडा दमतो, हे कायदेपंडितांच्या लक्षात आलं असावं. गंमत म्हणजे दक्षिण आफ्रिकेत चोरट्या शिकाऱ्यांना पकडायला रक्षकांच्या हाती विजेवरच्या मोटरसायकली दिल्या, त्याही याच कारणासाठी की त्यांचा आवाज येत नाही. यंत्राला बिचाऱ्याला पक्ष नसतो.

माझी हरकत आवाजाला नाहीच. हरकत अशी की पायी जाणाऱ्या शिकाऱ्याला दोन लगाम होते. आपण किती आत जाऊ शकतो आणि किती ओझं परत आणू शकतो. तिसरा लगाम लावायला सरकार लागतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो लावला. पहिले दोन मात्र फुकट होते, प्रत्येकाच्या पाठीला आणि पोटऱ्यांना जन्मतःच बसवलेले. पाच हजार डॉलर देऊन माणूस ते काढून टाकतो.

हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याला कुठं हरीण आणायचंय? कोथिंबीर संपलीय, ती मागवा."

इथं मला वडील आठवले. पंतनगरच्या त्या जुन्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती. रेशनचे गहू वडील खांद्यावरून आणत. दुसऱ्या मजल्यावर पिशवी कठड्याला टेकवून श्वास घेत आणि आईला वरूनच विचारून ठेवत, "अजून काही राहिलं नाही ना?" आई विचार करून सांगे, "नाही." राहिलेलं असलं तरी सांगे. आमच्या घरातल्या गरजा त्या जिन्याच्या मापाच्या होत्या.

आता त्याच जागेवर टॉवर झालाय आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. मी मोबाइलवर कोथिंबीर मागवली. एका जुडीला घरपोच आणायचा आकार पडतो, अमुक रकमेच्या वर गेलं की पडत नाही. पंचवीस रुपये वाचवायचे म्हणून मी पाच लिटर तेल आणि दहा किलो आटा जोडला. पाऊस पडत होता. दहा मिनिटांत खाली एक मुलगा विजेच्या सायकलीवरून आला. आपल्याकडे अडीचशे वॉटपर्यंतची आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली ही गाडी असली की लायसन लागत नाही, नोंदणी लागत नाही, तेव्हा या मुलांना ती परवडते. आवाज नाही, धूर नाही, मागे सामानाची पेटी. पत्रकातले तिन्ही गुण जसेच्या तसे!

आणि लिफ्ट बंद पडलेली.

मी खाली निघालो, तो वर निघाला. आमची गाठ नवव्या मजल्यावर पडली. आट्याची पिशवी त्याच्या खांद्यावर, तेलाचा डबा हातात, कोथिंबीर दातांत धरायची तेवढी बाकी होती. मी आटा घेतला. तो धापा टाकत म्हणाला, "काका, खाली दहा मिनिटं चार्जिंगला लावू का? एकच काडी उरलीय."

आमच्या सोसायटीत बाहेरच्या माणसानं बॅटरी चार्ज करू नये असा ठराव आहे. वार्षिक सभेत तो एकमतानं मंजूर झाला. त्या एकमतात माझा हात होता, चांगला कोपरापासून सरळ वर केलेला. मी त्याला म्हटलं, "वॉचमनला माझं नाव सांग." तो म्हणाला, "वॉचमननंच नाही म्हटलं, काका. त्यांच्याकडं कागद आहे." मग तो हसला, म्हणाला, "राहू द्या, रेटिंग तेवढं द्या," आणि तेलाचा डबा माझ्या दुसऱ्या हातात देऊन जिन्यानं उतरला. पुढची ऑर्डर असणार.

नऊ ते चौदा मी ते सामान वाहिलं. अकराव्यावर टेकलो, तेराव्यावर पुन्हा टेकलो. तिथून बायकोला हाक मारून विचारलं, "अजून काही राहिलं नाही ना?"

घरी येऊन त्याला पाचही तारे दिले. ताऱ्यांवर बॅटरी चार्ज होत नाही, हे मला कळतं. पुढच्या वार्षिक सभेला तो ठराव पुन्हा मांडायचा म्हणून मी अर्ज लिहून ठेवलाय, एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. सूचक मिळालाय, तो मीच.

भाच्याचा संदेश आला होता, "मामा, घेताय का मग सायकल?" मी लिहिलं, "सायकल उत्तम. मागच्या गाडीची मात्र आम्हांला गरज नाही. आमची आत्ताच जिन्यानं खाली गेली, आणि तिचं नाव विचारायचं राहून गेलं."