चोरलेली स्वप्ने आणि भयाचा व्यापार

मार्क कारो आणि झाँ-पिएर ज्यूने या फ्रेंच दिग्दर्शकद्वयाचा ‘हरवलेल्या मुलांचे शहर’ (इंग्रजी नाव ‘द सिटी ऑफ लॉस्ट चिल्ड्रन’) हा चित्रपट १९९५ साली कानच्या महोत्सवात उद्घाटनाचा चित्रपट म्हणून दाखविला गेला. त्याला आता तीन दशके लोटली. या काळात त्याविषयी प्रेक्षकांनी जे मतप्रदर्शन केले, त्यात तीन सूर वारंवार आढळतात. पहिला असा की, दृश्ये अपूर्व आहेत, पण कथा हाती लागत नाही. दुसरा असा की, चित्रपट मुलांविषयी असला तरी मुलांना दाखविण्याजोगा नाही. अमेरिकेत त्याला मिळालेले प्रमाणपत्रही १७ वर्षांखालील मुलांनी पालकांसोबतच पाहावा, असे सांगणारे आहे. तिसरा सूर अल्पसंख्य, पण आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. चित्रपटाला डोळे आहेत, हृदय नाही, असे हे प्रेक्षक म्हणतात.

या तिन्ही मतांत तथ्य आहे. तथापि तिन्ही मते चित्रपटाच्या मुख्य प्रश्नाला बगल देतात, असे आमचे म्हणणे आहे. तो प्रश्न स्वप्नांचा नसून भयाचा आहे.

कथानक थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. धुक्याने वेढलेल्या समुद्रात, पाणसुरुंगांच्या वेढ्यात लोखंडी खांबांवर उभा असलेला एक मनोरा आहे. तेथे क्रँक नावाचा मनुष्य राहतो. एका शास्त्रज्ञाने त्याला प्रयोगशाळेत घडविले; बुद्धी दिली, पण स्वप्न पाहण्याची शक्ती देण्यात तो शास्त्रज्ञ अपयशी ठरला. त्यामुळे क्रँक अकाली वृद्ध होत चालला आहे. यावर त्याने शोधलेला उपाय म्हणजे बंदरातील शहरातून मुले पळवून आणणे आणि यंत्राच्या साहाय्याने त्यांच्या स्वप्नांत शिरणे. परंतु त्याला पाहताच मुले घाबरतात, आणि त्याच्या वाट्याला येतात ती केवळ दुःस्वप्ने. चित्रपटाचा प्रारंभच अशा एका स्वप्नाने होतो. नाताळच्या रात्री धुराड्यातून एक सांताक्लॉज खेळणे घेऊन उतरतो, मूल हरखते. मागोमाग दुसरा उतरतो, मग तिसरा, मग खोली भरून जाते. आनंदाची वस्तू केवळ संख्येने भयावह होते. खोलीच वितळल्यासारखी होते आणि मूल रडू लागते.

मुले पळविण्याचे काम एक पंथ करतो. या पंथातील माणसांनी आपली दृष्टी गमावलेली आहे. तिच्या जागी त्यांना एक यांत्रिक डोळा मिळतो, आणि त्या डोळ्याची किंमत म्हणून ते मनोऱ्यावर मुले पोहोचवितात. पंथप्रमुख अनुयायांपुढे प्रवचन करतो. आपले डोळे देऊन दुसऱ्याच्या यंत्रातून जग पाहणे, आणि त्या व्यवहाराला धर्म म्हणणे, हे चित्र आपल्या वाचकांस वेगळे समजावून सांगावे लागेल असे नाही.

कथा हाती लागत नाही, ही तक्रार या पार्श्वभूमीवर तपासली पाहिजे. पात्रे पुष्कळ आहेत हे खरे. एक बलदंड पण मंदबुद्धी जत्रेतला पहिलवान ‘वन’ (रॉन पर्लमन), त्याचा मानलेला लहान भाऊ, अनाथ मुलांची टोळी, त्या मुलांकडून चोऱ्या करवून घेणाऱ्या दोन जुळ्या बहिणी, पिसवा पाळणारा मदारी, एकाच चेहऱ्याची सहा माणसे, काचपेटीतील द्रवात तरंगणारा आणि अर्धशिशीने त्रासलेला एक मेंदू, बंदराच्या तळाशी स्मृती हरवून राहणारा पाणबुड्या. परंतु यांतील प्रत्येकाचा मुलांशी असलेला व्यवहार पाहिला की सूत्र लगेच सापडते. चित्रपटातील जवळजवळ सर्व प्रौढांना मुलांकडून काही तरी हवे आहे. कोणाला चोरीचा माल, कोणाला डोळा, कोणाला स्वप्न. नावेही याच अर्थाची आहेत. ज्या लहानग्याच्या शोधावर कथा उभी आहे, त्याचे नाव ‘दॅनरे’. फ्रेंचमध्ये याचा अर्थ खाद्यवस्तू, विकावयाचा माल. त्याला शोधावयास निघालेल्या नऊ-दहा वर्षांच्या अनाथ मुलीचे नाव ‘मिएत’, म्हणजे भाकरीचा कण. मालाच्या आणि कणाच्या नावाने वाढणाऱ्या या मुलांकडे पाहून चित्रपटात हृदय नाही असे म्हणणाऱ्यांनी या दोन शब्दांचा विचार केलेला दिसत नाही. भाषांतरित पट्ट्या वाचून चित्रपट पाहणाऱ्याला ही नावे केवळ ध्वनी म्हणून ऐकू येतात, हाही एक भाग आहेच.

आता भयाकडे वळू. क्रँकला दॅनरे हवा आहे, याचे कारण हे मूल त्याला भीत नाही. ते आपले खात बसलेले असते. क्रँक गाणे म्हणतो, सोंगे करतो, सांताक्लॉजचा वेष घेतो; इतर मुले किंचाळतात, हे मूल मात्र निर्विकार असते. ज्याने आयुष्यभर भयच निर्माण केले, त्याला निर्भय मनाची भूक लागावी, ही या चित्रपटातील सर्वांत सखोल कल्पना होय.

पालि साहित्याशी परिचित वाचकास येथे महासुपिन जातकाचे (क्रमांक ७७) स्मरण होईल. कोसलनरेश पसेनदीला एका रात्री सोळा स्वप्ने पडली. राजा भयभीत झाला. ब्राह्मणांनी या भयावर मोठ्या यज्ञाचा उतारा सांगितला आणि बळीसाठी पशू जमू लागले. राणी मल्लिकेच्या सांगण्यावरून राजा तथागतांकडे गेला, आणि या स्वप्नांपासून तुला कसलाही धोका नाही, असे ऐकून परतला. जातकातील स्वप्नांचे अर्थ बाजूला ठेवू. स्वप्नफल सांगून उपजीविका करणे ब्रह्मजाल सुत्तात हीन विद्यांत गणले आहे, हे विसरून चालणार नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते कथेचे अर्थकारण. स्वप्न राजाचे, भय राजाचे, लाभ पुरोहिताचा आणि मरण मुक्या जनावरांचे. क्रँकच्या मनोऱ्यावरही व्यवहार हाच आहे. फक्त बळीच्या जागी मुले बांधलेली आहेत. भेद एवढाच की पसेनदीचा पुरोहित भयावर पोसला जातो, क्रँक मात्र स्वतः निर्माण केलेल्या भयानेच उपाशी राहतो. मैत्रीभावनेचे जे अकरा लाभ अंगुत्तर निकायात सांगितले आहेत, त्यांत सुखाने झोपणे, सुखाने जागे होणे आणि वाईट स्वप्न न पडणे यांनाच प्रथम स्थान आहे. क्रँकच्या रोगाचे निदान याहून वेगळे करता येईल असे आम्हांस वाटत नाही.

चित्रपटातील एका प्रसंगाची प्रेक्षक सर्वाधिक वाखाणणी करतात. विषारी पिसवेच्या दंशाने बेभान झालेला वन मिएतचा गळा दाबतो. तिच्या डोळ्यातून एक अश्रू उडतो आणि कोळ्याच्या जाळ्यावर पडतो. तेथून घटनांची साखळी सुरू होते. कुत्री भुंकतात, वाहन धडकते, दिवे जातात, आणि अखेरीस एक प्रचंड जहाज धक्क्यावर येऊन आदळते व मुलगी वाचते. हा प्रतीत्यसमुत्पादाचा चित्रमय आविष्कार आहे, असे कोणी म्हणेल. या मोहात पडू नये. प्रतीत्यसमुत्पाद हा दुःखाच्या उत्पत्तीचा व निरोधाचा नियम आहे. तो योगायोगांची माळ नव्हे. येथील साखळीत तृष्णा नाही, चेतना नाही, केवळ घड्याळजीची हातचलाखी आहे. प्रसंग विलक्षण रंजक आहे, यात शंका नाही. परंतु अनाथ मुलीचे रक्षण करावयास एका अश्रूला साऱ्या शहराची मोडतोड करावी लागते, शहरातील एकही माणूस त्यासाठी धावत नाही, हे त्यातील खरे मर्म होय.

चित्रपटाचा खरा दोष प्रेक्षकांच्या चर्चेत फारसा आलेला नाही. त्यात दुष्टपणा शरीराच्या व्यंगातून दाखविला आहे. जोडलेल्या देहाच्या दोन बहिणी दुष्ट, अंध माणसे दुष्ट. मुलांना बांधून ठेवणाऱ्या मनोऱ्यावरील घराची व्यवस्था पाहणारी बुटकी स्त्री, आणि क्रँक तर जन्मतःच सदोष. वन हा मंदबुद्धी नायक अपवाद म्हणून दाखविता येईल, पण त्यालाही सोज्वळ बलदंडपणाची भरपाई दिली आहे. माणूस जन्माने जसा घडला तशीच त्याची नीती असणार, हे गृहीतक कोणत्या भूमीत किती खोल रुजलेले आहे, हे आम्ही जाणतो. फ्रान्सच्या कलावंतांनी ते अजाणता स्वीकारले असेल. म्हणून ते क्षम्य ठरत नाही. दारियुस खोंडजी यांचे हिरव्या-तांबूस छटांचे छायाचित्रण, झाँ पॉल गोतिए यांचे वेष, अँजेलो बादालामेंटी यांचे संगीत, झाँ राबास यांना सेझार पारितोषिक मिळवून देणारे नेपथ्य, या सर्वांच्या मोहिनीत ते गृहीतक अधिकच सहज गिळले जाते.

मात्र क्रँकच्या बाबतीत चित्रपट स्वतःच या गृहीतकाशी भांडताना दिसतो. दोष कोणाचा, घडविलेल्याचा की घडविणाऱ्याचा? त्या शास्त्रज्ञाजवळ प्रज्ञा होती. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी केवळ प्रज्ञा पुरेशी नाही, तिला शीलाची जोड हवी, शीलाबरोबर करुणा हवी आणि करुणेच्याही पलीकडे मैत्री हवी, अशी जी चढती मांडणी केली आहे, तिची पहिली पायरी चढून हा शास्त्रज्ञ थांबला. त्याने माणसे घडविली, कुटुंब घडविले, पण एकाही निर्मितीशी नाते जोडले नाही. त्याच्याच निर्मितींनी त्याला समुद्रात ढकलले आणि तो स्मृती हरवून गाळात कचरा वेचीत राहिला. दोमिनिक पिनाँ हा एकच नट हा निर्माता आणि त्याच्या सहाही प्रतिकृती साकारतो, हे त्या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे.

मुलांना चित्रपट दाखवावा की नाही, याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. लहानग्यांना दाखवू नये. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांनी शेजारी बसून दाखवावा, आणि नंतर त्यांच्याशी बोलावे. विशेषतः शेवटाविषयी. मिएत दॅनरेच्या बदली स्वतः त्या यंत्राला जोडून घेते आणि क्रँकच्या स्वप्नात उतरते. स्वप्नात ती क्षणाक्षणाने वृद्ध होत जाते, तर क्रँक लहान होत होत पाळण्यातले बाळ होतो; आरंभीचे सांताक्लॉजचे दुःस्वप्न आता त्याच्या वाट्याला येते आणि त्यातून तो बाहेर पडू शकत नाही. दुसऱ्याच्या भयात स्वेच्छेने शिरण्याचे धैर्य त्या सबंध नगरात एका भाकरीच्या कणाने दाखविले. मुले होड्यांतून निघून जातात, आणि मनोऱ्याला सुरुंग लावून बसलेल्या शास्त्रज्ञाला अखेरच्या क्षणी भान येते. तेवढ्यात एक समुद्रपक्षी येऊन स्फोटाच्या दांड्यावर बसतो.