हुबेहूबचा हट्ट

वसईच्या एव्हरशाईन सिटीत गणपती-नवरात्रीच्या दिवसांत फेरफटका मारला, की कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या आवारात कुणीतरी किशोरकुमार होऊ पाहत असतो. मागे वादक नसतात, करावके ट्रॅक असतो. या हौसेला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण तिकीट लावून, वादक बसवून होणारे सिनेसंगीताचे कार्यक्रमही तेवढंच साधू लागले, तर तक्रार करायला हवी. वसईहून लोकल पकडून बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात जाणाऱ्याला रेकॉर्डच ऐकायची असेल, तर ती त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.

हुबेहूब वाजवण्यालाही प्रतिष्ठा आहे. पुण्याच्या ‘पंचममॅजिक’ या संस्थेनं राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचे पदर सोडवताना त्यांच्या वादकांनाच मंचावर बोलतं केलं. तिथे नक्कल हा अभ्यास होतो आणि त्याची गरजही आहे. सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस या गोव्याच्या अरेंजरांच्या हातची नोटेशनची पानं फारशी उरली नाहीत. आजचा कीबोर्डवादक ते सगळं कानानं उतरवून घेतो. मात्र बहुतेक ऑर्केस्ट्रांत हा अभ्यास इंटरल्यूड बिनचूक वाजला की संपतो. टाळी पडते, पुढचं गाणं.

यात हरवतो तो प्रसंग. ‘शोले’ (1975) घ्या. व्हरांड्यात जय माउथ ऑर्गन वाजवतोय, समोर राधा एकेक दिवा मालवत जाते. ते भानू गुप्तांचं वादन. त्याला ना शब्द, ना मुखडा, म्हणून ऑर्केस्ट्राच्या यादीत त्याला सहसा जागा नसते. आपल्याकडे सिनेसंगीत म्हणजे गाणी. पार्श्वसंगीत मंचावर जवळजवळ येतच नाही. मंचावरची प्रकाशयोजना, चार वादक आणि थोडी शांतता एवढ्यावर हा प्रसंग नव्यानं उभा राहू शकतो. पण शांततेला वन्स मोअर मिळत नाही, ही आयोजकाची अडचण समजू शकते.

पूर्वी प्रसंग उभा करायचं काम निवेदक करायचा. चांगला निवेदक दोन मिनिटांत पडदा उघडून दाखवी. आता त्याच्या मागे एलईडी भिंत आली आणि तिच्यावर मूळ चित्रफीतच चालू लागली. मधुबाला वीस फुटांची दिसत असताना खाली उभ्या गायिकेकडे कोण बघणार? वादकही मग चित्राच्या तालाला बांधले जातात. लय ओढावीशी वाटली, तरी ओढता येत नाही.

मधुबालावरून आठवलं. फिरोज अब्बास खान यांनी 2016 मध्ये एनसीपीएत ‘मुघल-ए-आझम’ रंगमंचावर आणलं, तेव्हा अनारकली झालेल्या प्रियांका बर्वे स्वतः गात होत्या. सिनेमात चेहरा एकीचा, गळा लताबाईंचा. इथे दोन्ही एकाच देहात आले, आणि भर दरबारातल्या बंडाला नाचून चढलेला श्वासही मिळाला. भव्यतेचा सोस जरा जास्तच होता. तरी पुनर्निर्मिती म्हणतात ती ही. संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटायला नको, कारण नटानंच गायचं हा तर आपला जुना रिवाज.

दुसरी वाट मूकपटांची. ‘शिराज’ (1928) या हिमांशू राय यांच्या चित्रपटाला अनुष्का शंकर यांनी नवं संगीत दिलं आणि 2017 मध्ये ते पडद्यासमोर बसून सादर केलं. तिथे नक्कल करायला मूळ रेकॉर्डच नव्हती. पडदा मागे असूनही संगीत मोकळं राहिलं, ते त्यामुळेच.

हे वसईत का होऊ नये? फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (1919), त्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं, कृष्ण साकारलेला, बऱ्यापैकी शाबूत आहे. कायद्यानं चित्रपटाचा स्वामित्वहक्क साठ वर्षांचा, म्हणजे तो केव्हाच संपला. इथे ख्रिस्ती लग्नांत वाजणारे ब्रास बँड आहेत, भजनी मंडळं आहेत. नाट्यगृह नाही मिळालं तर वसंत नगरीचं मैदान आहे. कालियाच्या फण्यावरच्या नाचाला ट्रम्पेट शोभेल की मृदंग, यावर दोन्हीकडच्या वादकांनी आधी तालमीत भांडून घ्यावं.