गादी, गिऱ्हाईक आणि कला

दुकान हे नुसते देवघेवीचे ठिकाण नसावे, ते सांस्कृतिक केंद्रही असावे, असे अलीकडे फार बोलले जाते. कापडाशेजारी चित्रे, कोपऱ्यात कॉफीचे टेबल, संध्याकाळी गाण्याची बैठक, असा त्याचा थाट असतो. सुरतेतही अशी दुकाने मी पाहिली. कलेच्या जोरावर ती माल विकतात, याबद्दल माझी तक्रार नाही. मालातच जी कला आहे तिचा त्यांना विसर पडतो, ही माझी तक्रार आहे.

मुळात हा मेळ नवा नाही. खानदेशातून लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब सुरतेच्या कापडबाजारात गादीवर बसते. आधी पाणी येते, मग चहा. गठ्ठे सुटतात, विक्रेता स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकून दाखवतो. भाव गुजरातीत निघतो, घासाघीस अहिराणीत होते, तडजोड हिंदीत. यात रंजन आहे, भेटीगाठी आहेत, आणि सारे कापडाच्या निमित्ताने आहे.

मुंबईत चित्रांच्या चौकटी विकणाऱ्या केकू गांधींनी नव्या चित्रकारांची चित्रे आपल्या दुकानात मांडली. पुढे १९६३ मध्ये जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर त्यांची केमोल्ड गॅलरी सुरू झाली. कोठावळ्यांच्या मॅजेस्टिकने लेखकाला वाचकांसमोर बसवले आणि ‘मॅजेस्टिक गप्पा’ रुजल्या. चौकटीला चित्र हवे, पुस्तकाला गप्पा हव्यात. दोन्हीकडे कला धंद्याच्या पोटातून आली. अर्थात धंदा सांभाळावाच लागतो. शानभागांचे १९४८ पासूनचे स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झाले, तेव्हा वाचकांची एक बसण्याची जागाही गेली.

या कसोटीवर सुरतेकडे पाहावे. चांदीची तार ओढून केसासारखी बारीक करायची, चपटी करून रेशमावर गुंडाळायची, वर सोन्याचा मुलामा द्यायचा, ही खऱ्या जरीची रीत. नकलीत चांदीच्या जागी तांबे येते. त्याहून स्वस्तात प्लास्टिकची चकाकती पट्टी. येवल्याच्या पैठणीला सुरतेची जर लागते. ज्या पदराचा आपण अभिमान मिरवतो, त्याची झळाळी सुरती कारागिराच्या हातची आहे. हे सांगणारा साधा फलकही मला त्या सजवलेल्या दुकानांत आढळला नाही.

भिंतीवर मात्र वारली चित्रे होती, छापील. लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, हे त्या चित्रांचे मूळ. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डहाणू सुरतेहून रेल्वेने काही तासांवर. तरी तिथले चित्र इथे नुसते भिंतीचे नक्षीकाम होऊन बसते. काढणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही.

आपल्या लोकांचेही तसेच. लिंबायत-उधन्यातील कितीतरी खानदेशी माणसांचे आयुष्य यंत्रमागापाशी गेले. दुकानात त्यांची बोली चालते, पण गिऱ्हाइकाची म्हणून. एखाद्या दुकानदाराने कॉफीच्या टेबलाशेजारी जर गुंडाळण्याचा चरखा मांडावा, आणि एखाद्या जुन्या विणकराला त्याच्याच बोलीत मागाबद्दल बोलू द्यावे. त्याने विक्री वाढेल की नाही, मला ठाऊक नाही. मात्र इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना एवढे कळेल की आपली भाषा भाव पाडण्यापुरती नाही; तिला कामाचे ज्ञान सांगता येते.