दुय्यम भूमिका आणि दुय्यमत्वाचा प्रश्न : थेल्मा रिटर यांच्या चित्रपट-अभिनयाचा पुनर्विचार

चित्रपटसमीक्षेत अभिनयाचा विचार बहुधा नायक-नायिकांच्या अनुषंगाने होतो. चरित्र-अभिनेत्रींचा उल्लेख ‘उत्तम साथ’ अशा शब्दांत उरकला जातो. एखादी भूमिका दुय्यम ठरते ती अभिनयाच्या गुणवत्तेमुळे की पात्राच्या सामाजिक स्थानामुळे, हा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित केला जातो. अमेरिकन अभिनेत्री थेल्मा रिटर (१९०२-१९६९) यांची कारकीर्द या दृष्टीने उद्बोधक आहे.

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे जन्मलेल्या रिटर यांनी नाट्यशिक्षण घेतले होते. अपत्यसंगोपनासाठी त्या काही काळ अभिनयापासून दूर राहिल्या. पुढे त्यांनी नभोवाणीवर काम केले. ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ (१९४७) या चित्रपटात, मुलासाठी खेळणे शोधून थकलेल्या आईच्या छोट्या भूमिकेतून त्या पडद्यावर आल्या. त्या वेळी श्रेयनामावलीत त्यांचे नावही नव्हते. मात्र १९५० ते १९६२ या काळातील सहा चित्रपटांसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन लाभले. पुरस्कार एकदाही मिळाला नाही.

रिटर यांच्या वाट्याला प्रामुख्याने मोलकरीण, परिचारिका, फेरीवाली अशी कष्टकरी स्त्रीपात्रे आली. या पात्रांचे समान वैशिष्ट्य असे की, सत्य त्यांना इतरांच्या आधी उमगते. जोसेफ मँकिविच यांच्या ‘ऑल अबाउट ईव्ह’मध्ये (१९५०) ईव्हचा कावा प्रथम ओळखते ती मार्गोची सेविका बर्डी. रिटर येथे संशय संवादांपेक्षा रोखलेल्या नजरेतून व्यक्त करतात. परंतु बर्डीची शंका खरी ठरू लागते तेव्हा पटकथेला तिची गरज उरत नाही. उत्तरार्धात ती दिसेनाशी होते. पात्राला जाण दिली जाते, कथेवर अधिकार दिला जात नाही. हिचकॉक यांच्या ‘रिअर विंडो’तील (१९५४) परिचारिका स्टेला खिडकीतून डोकावणाऱ्या नायकाला प्रथम खडसावते आणि पुढे स्वतःच त्या कुतूहलात ओढली जाते. चित्रपटाचा नैतिक पेच असा तिच्यातून मूर्त होतो. तरीही ती ‘सहायक’च राहते.

‘द मेटिंग सीझन’मध्ये (१९५१) ही विसंगती अधिक ठळक होते. मुलाच्या घरी सुनेच्या गैरसमजातून स्वयंपाकीण ठरलेली आई हा या कथेचा कणा आहे. तरीही नामांकन सहायक भूमिकेसाठीच झाले. याउलट, ‘न्यू गर्ल इन टाउन’ या संगीत नाटकासाठी १९५८ मध्ये त्यांना प्रमुख अभिनेत्रीचा टोनी पुरस्कार ग्वेन व्हर्डन यांच्यासह विभागून मिळाला. रंगभूमीने ज्या गुणवत्तेला प्रमुख मानले, तिला हॉलिवूडने सहायक गटातच ठेवले.

भूमिकेची मर्यादाच रिटर यांच्या अभिनयाला धार देते, असा प्रतिवाद संभवतो. तो काही अंशी ग्राह्य आहे. अल्पावकाशात पात्राचे गतायुष्य सूचित करण्याचे त्यांचे कौशल्य निर्विवाद आहे. तथापि सॅम्युअल फुलर यांच्या ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’मध्ये (१९५३) पटकथेने थोडी जागा देताच काय साधते, हे दिसून येते. नेकटाय आणि पोलिसांना खबरा विकणारी मो, बेवारसांच्या दफनभूमीत जावे लागू नये म्हणून पैसे साठवते. मारेकऱ्यासमोर ती गयावया करीत नाही. दिवसभराच्या थकव्याने बोलते. गोळी झाडली जाते तेव्हा कॅमेरा ग्रामोफोनकडे वळलेला असतो. पुढे नायक तिची शवपेटी बेवारसांच्या दफनभूमीकडे निघालेल्या बोटीवरून सोडवून आणतो. येथे एका दुय्यम पात्राच्या मृत्यूचे ऋण कथा मान्य करते.

तात्पर्य, रिटर यांचे दुय्यमत्व कलात्मक नसून ते पात्रांच्या वर्गीय स्थानाशी निगडित आहे. त्यांच्या अभिनयाचे मूल्यमापन ‘साथ’ या निकषापलीकडे जाऊन करणे म्हणूनच आवश्यक ठरते.