जीवशास्त्राचे अध्यापन आणि पटावरील खेळ : एक चिकित्सा

सापशिडीच्या घरांत पाठ्यघटक लिहून जीवशास्त्र शिकविण्याची पद्धत परिचित आहे. मोक्षपटात शिडी म्हणजे सद्गुण व साप म्हणजे दुर्गुण. तेथे फाशाचे दान आशयाशी सुसंगत होते. अन्नसाखळी मात्र दानावर चालत नाही. त्यामुळे अध्ययन स्मरणापुरतेच उरते. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांच्या ‘विंगस्पॅन’ (२०१९) या पक्ष्यांवरील पटखेळात अधिवास व अन्न हेच खेळाचे नियम बनतात, हे त्याचे बलस्थान होय. तथापि त्यातील अधिवास कधीच आटत नाही, ही त्याची मर्यादा. निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. तेथील पाणी, गाळ, मासे व स्थलांतरित पक्षी यांचे परस्परावलंबन नियमांत उतरले, तरच असा खेळ परिसंस्था शिकवील. अन्यथा ते केवळ रंजन ठरेल.