पडद्यावरची बया, परमिट रूममधली बाई

हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ १९७० साली पुस्तकरूपाने आले. बोलपटाच्या सुरुवातीच्या काळातल्या एका नटीने आपली दारू, आपले पुरुष, आपली फरफट न लपवता सांगितली. १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावरून ‘भूमिका’ काढला. हंसाबाईंच्या धीटपणाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माझे भांडण आहे ते ‘एका बाईचे दुःख’ म्हणून हे पुस्तक वाचून मोकळ्या होणाऱ्या पांढरपेशा समीक्षेशी. ही बाई कोणत्या घरातून आली, कुणाच्या भूमिका करीत होती, हे प्रश्न या समीक्षेला पडतच नाहीत.

हंसाबाई मूळच्या रतन साळगावकर, कलावंतिणींच्या घराण्यातल्या. १९३६ साली ‘विजयाची लग्ने’तून पडद्यावर आल्या तेव्हा जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. १९४१ साली ‘संत सखू’ झाल्या, १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’तली तमासगिरीण बया. बया गाजली. पण तमाशाच्या बोर्डावर पिढ्यान्‌पिढ्या नाचत आल्या त्या महार, मांग, कोल्हाटी बाया. पठ्ठे बापूराव या ब्राह्मण शाहिराबरोबर उभी राहिलेली पवळा महाराचीच. सिनेमाने त्यांची लावणी घेतली, नऊवारी घेतली, अदा घेतली. त्यांना बहुधा फडातच ठेवले.

या उसनवारीचे पुढचे टोक आमच्या ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात दिसले. इथल्या डान्सबारमध्ये बाई नाचत होती ती सिनेमाच्या गाण्यांवर. तमाशाची नक्कल सिनेमाने केली, सिनेमाची बारने. आणि बारमध्ये नाचणाऱ्यांत कित्येक जणी पुन्हा त्याच नाचणाऱ्या जमातींतल्या! २००५ साली सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून परमिट रूम आणि बियर बारमधला नाच बंद केला. त्याच दुरुस्तीने नाट्यगृहे, चित्रपटगृहे, सभासदांचे जिमखाने आणि तीन तारे किंवा त्यावरची हॉटेले मोकळी ठेवली. म्हणजे नाच अश्लील नव्हता, जागा आणि गिऱ्हाईक हलके होते. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल उचलून धरला. सरकारने २०१६ साली नवा कायदा आणला. त्याच्याही कित्येक अटी २०१९ मध्ये न्यायालयाने सैल केल्या. पण २००५ ते २०१३ ही आठ वर्षे कुणी भरून द्यायची?

‘परमिट रूम’ हा शब्दच १९४९ च्या दारूबंदी कायद्याची देणगी. अमेरिकेतल्या दारूबंदीतही अशीच एक बाई होती. टेक्सास गिनन १९१७ पासून मूकपटांत पिस्तूल चालवणारी नायिका होती. १९२४ नंतर न्यूयॉर्कच्या नाइटक्लबची यजमानीण झाली. सरकारने क्लबला कुलूप ठोकले की ती दुसरा उघडी. गळ्यात कुलपांची माळ घालून मिरवली! १९२७ साली पकडली गेली, १९२९ साली निर्दोष सुटली. गोऱ्या, नावाजलेल्या बाईला कुलपाचा दागिना करता आला. आमच्याकडच्या बारबालेच्या वाट्याला खोलीचे थकलेले भाडे आले.

बारमधला नाच हे जातीने लादलेल्या नाचाचेच पुढचे रूप आहे, असे म्हणत आपल्यातल्या काहींनी बंदीला पाठिंबा दिला. निदान खोटे नाही. बाबासाहेबांनी १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या देवदासी-जोगतिणींना हे जिणे सोडण्याविषयी कठोर शब्दांत बजावलेच होते. पण ते त्या बायांसमोर उभे राहून बोलले, त्यांना समाजात परत बोलावत होते. २००५ च्या सरकारने त्यांना विचारलेही नाही, आणि तारांकित हॉटेलचे दार उघडेच ठेवले. या दोन गोष्टी एका तागडीत घालणे मला मान्य नाही.

हंसाबाईंचे ऐकून शब्दांकन करायला अरुण साधूंसारखा लेखक मिळाला. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिले. ते मुलाचे पुस्तक आहे. कल्याणच्या बारमध्ये नाचलेल्या बाईचे तिच्याच तोंडून कोण ऐकून घेणार? आपल्या इथल्या कॉलेजांतल्या पोरापोरींनी वह्या घेऊन जावे. त्या बाया अजून याच वस्त्यांत राहतात.